बाळाबाईंचं पथ्य

बाळाबाईंना उपाशी ठेवणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. लावणीच्या दिवसांत सकाळी दोन भाकरी, दुपारी बांधावर तीन, आणि तिन्हीसांजेला घरी आल्या की भाताचं पातेलं पुढ्यात ओढून बसायच्या ते तळ दिसेपर्यंत. कुणी टोकलंच तर म्हणायच्या, "माझं जेवान मोजताय, तर काम बी मोजा की." आणि काम मोजण्यासारखंच होतं. विंझरच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत त्यांची वाडी. तिथल्या खाचरांत रोपं लावायला बाळाबाई ओळीच्या टोकाला उभ्या राहिल्या की बाकीच्या बायकांचं तोंड वाकडं व्हायचं, कारण त्यांच्या वेगानं सगळ्यांच्याच कमरा मोडायच्या. चतुर्थीच्या उपासालासुद्धा त्या दोनदा पोटभर फराळ करायच्या आणि देवाला सांगायच्या, राग आला तर बघून घे तुझं तू.

माहेर शिवऱ्याचं. नवरा गेनू अकरा वर्षांपूर्वी गेला. मुलगा एकच, इंद्रजित. त्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा चांगली चांगली स्थळं आली होती, पण बाळाबाईंनी एकही पुढं जाऊ दिलं नाही. शिवऱ्याच्या आपल्या भावाची, हनुमंताची, लेक सुलक्षणा त्यांनी सून म्हणून आणली. लोकांनी कारण विचारलं तर लपवाछपवी नव्हती. "परकी आणली तर म्हातारपणी भाकरी टाकंल का न्हाई, कुणी सांगावं? भावाची लेक हाय, रगताची हाय. ही मला उपाशी न्हाई ठेवणार," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. सुलक्षणाही लग्नानंतर सासूला सासू म्हणालीच नाही. आत्याच म्हणायची, तेही एकेरीत. तेवीस वर्षं दोघी एकाच चुलीवर, एकमेकींच्या हाताला हात लावून राबल्या. भांडल्याही भरपूर. पण अबोला कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नाही.

तर अशा बाळाबाई वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गेल्या दिवाळीनंतर, गोठ्यात शेणावरनं घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं. बाराव्या दिवशी घरी आणलं तेव्हा त्यांच्या खुब्यात लोखंड होतं, माकडहाडाशी सारखं पडून राहून झालेली जखम होती, आणि डोक्यात एकच गोष्ट होती. परसाकडं आपल्या पायानं जायचं. बाकी काही नको. सुनेनं भांडं सरकवावं आणि आपण छताकडं बघत पडावं, याच्याइतकं मोठं मरण त्यांना दुसरं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दोन महिन्यांत वॉकर धरून उभ्या राहिल्या तर राहिल्या, नाहीतर खाट कायमची. जखम भरली पाहिजे, अंगात ताकद आली पाहिजे.

त्यासाठी भोरहून कुंदाताई यायच्या. म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन बघणाऱ्या एका संस्थेच्या त्या नर्स. दर गुरुवारी स्कूटरवरून नसरापूरमार्गे यायच्या, जखम धुवायच्या, पट्टी बदलायच्या, रक्तदाब बघायच्या. बाळाबाईंना काट्यावर उभं करता येत नव्हतं, म्हणून शिंप्याकडं असते तशी टेप काढून दंडाचा घेर मोजायच्या आणि वहीत टिपून ठेवायच्या. बाई कामाला चोख. वडील शरच्चंद्र मास्तर, भोरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेले, त्यामुळं कुंदाताईंचं बोलणंही धड्यातल्यासारखं स्वच्छ. बाकीच्या नर्स 'डाएट चार्ट' म्हणून छापील कागद देतात, ते त्यांना पटायचं नाही. आपल्या भाषेत शब्द असताना उसना कशाला, असं त्यांचं मत. मत चांगलंच आहे. त्यावर कुणाला काही म्हणायचं नाही, पण पुढं काय झालं ते ऐका.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी खाटेशेजारी बसून मोत्यासारख्या अक्षरात एक कागद लिहिला आणि बाळाबाईंच्या देखत सुलक्षणाच्या हातात दिला.

"हे पथ्य. अगदी काटेकोर पाळायचं. आजींची जखम भरणं न भरणं सगळं यावर आहे."

सुलक्षणा नववी शिकलेली. बोट ठेवून वाचत गेली तसा तिचा चेहरा उतरला.

"ताई, समदंच? अंडी बी?"

"अंडी तर आधी."

"आणि दूध? मटकी, शेंगदाणं?"

"सगळंच. आजी काहीही म्हणाल्या तरी ऐकायचं नाही. त्यात हयगय नको."

सुलक्षणानं मान हलवली आणि कागद स्वैपाकघरात फडताळाच्या दाराला चिकटवला. बाळाबाईंना वाचता येत नव्हतं. आपल्या खाण्यापिण्याचं काहीतरी चाललंय एवढं कळलं आणि त्यांना बरंच वाटलं. दवाखान्यातलं पाणचट वरण खाऊन त्यांचा जीव विटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला. काळा.

"दूध नासलं का गं?"

"न्हाई आत्या. तुला पथ्य हाय."

बाळाबाईंनी तो चहा प्यायला. दुपारी भाताची पेज आली, मीठ घातलेली. संध्याकाळी मऊ भात आणि दुधी भोपळ्याची बिनतेलाची भाजी. तिसऱ्या दिवशी पाण्यात शिजवलेला साबुदाणा. पहिला आठवडा त्यांनी काढला. आजारात चार दिवस असं चालायचंच, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तोंड उघडलं.

"सुले, एक अंडं उकडून दे की गं."

"आत्या, नको ना मागू. पथ्य हाय."

"मग वाटीभर आमटी तरी."

"डाळ बी न्हाई चालत. जखम चिघळंल."

आता हे खरं, की ऑपरेशन झालेल्या माणसाला डाळ बाधते, अंड्यानं पू होतो, शेंगदाण्यानं खोकला होतो, असं त्या खोऱ्यात सगळेच म्हणतात. बाळाबाईही म्हणायच्या. पण दुसऱ्याच्या जखमेबद्दल म्हणणं वेगळं. स्वतःच्या पोटात कावळे ओरडायला लागले की माणसाला वेगवेगळ्या शंका यायला लागतात. खाटेवर पडल्या पडल्या करायला दुसरं काम तरी काय होतं? कान तेवढे शाबूत होते. परड्यात सात कोंबड्या. अंडं घातलं की कोंबडी ओरडते आणि ते ओरडणं बाळाबाईंना ओसरीवर स्पष्ट ऐकू यायचं. सकाळपासून चार झाली. ती अंडी जातात कुठं? इंद्रजित शिवऱ्याला गोदामात कामाला होता. त्याच्या डब्यात जातात, उरलेली नसरापूरच्या बाजारात जातात. ज्या कोंबड्या आपण पिल्लं असताना घारीपासून राखल्या त्यांचं अंडं आपल्याला नाही.

एकदा तर मटकीच्या उसळीचा वास आला. लसणाची फोडणी, वर खोबरं. बाळाबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. थोड्या वेळानं आतून ताटांचा आवाज, आणि मग सुलक्षणाचं दबक्या आवाजातलं बोलणं त्यांनी ऐकलं.

"हळू वाजवा. आत्या जागी हाय. आतल्या खोलीतच बसा, हितं नको."

बाळाबाईंनी डोळे मिटून घेतले. चोरून खातात. मला कळू नये म्हणून दार लोटून खातात. ज्या घरात मी तवा थंड होऊ दिला नाही त्या घरात माझ्यापासून लपवून ताट वाढलं जातंय. त्यांना भूक लागली होती त्यापेक्षा जास्त हे लागलं. भुकेला काय, ती पेज पिऊन तासभर तरी गप्प बसते.

गुरुवारी कुंदाताई आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काय सुलक्षणा, पथ्य नीट चाललंय ना?"

"एकदम कडक, ताई."

"शाब्बास. अशी सून सगळ्यांना मिळाली तर आमचं काम निम्मं होईल."

बाळाबाईंनी कुंदाताईंकडं नीट बघितलं. म्हणजे ही पण त्यातलीच. दोघी मिळून आहेत. कुंदाताईंनी त्यांना विचारलंही, "आजी, जेवण जातं ना?" तर बाळाबाई म्हणाल्या, "देत्यात त्ये जातं." यापुढं एक शब्द बोलल्या नाहीत. घरातलं उणं परक्या माणसापुढं काढायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. आणि ते 'देत्यात त्ये' काय आहे, हे बघायला कुंदाताई काही चुलीपर्यंत गेल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, जेवण ठीक. दंडाचा घेर तेवीस सेंटिमीटरचा बावीस झाला होता. पडून राहिलं की मांस झडतंच, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पुढच्या खेपेला एकवीस. जखम भरायचं नाव घेईना. बाळाबाईंच्या हातातल्या साध्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या. वॉकर भिंतीला लावून ठेवलेला होता, त्याला धरून त्या एकदाच उभ्या राहिल्या आणि पाय लटलटून परत खाटेवर पडल्या. सुलक्षणानं वेळेवर धरलं म्हणून, नाहीतर दुसरा खुबाही गेला असता.

सेवेत म्हणाल तर सुलक्षणाला नाव ठेवायला जागा नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, घाण उचलायची, केस विंचरायची. तोंड वाकडं नाही की कपाळाला आठी नाही. पण बाळाबाईंना आता त्याचाही राग यायला लागला. वरवरचं करती, त्यांना वाटायचं. गावाला दाखवायला अंग धुती आणि आतनं मारती.

शेजारची ठकुबाई बाळाबाईंची जुनी मैत्रीण. रोज दुपारी मिश्री लावत खाटेशी येऊन बसायची. एका दुपारी सुलक्षणा परड्यात होती तेव्हा बाळाबाईंनी तिला जवळ बोलावलं.

"ठके, तुझ्याकडं अंडं हाय का?"

"हाय की. का गं?"

"उकडून आण. पदराआड घालून आण."

ठकुबाईनं आणलं. सोलून, मीठ लावून. बाळाबाईंनी अर्धं अंडं एकदम तोंडात घातलं. महिन्याभरानं जिभेला काहीतरी चवीचं लागलं होतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तेवढ्यात सुलक्षणा दारात आली. हातातली पाटी तिनं तिथंच टाकली आणि धावली.

"आत्या! थुक! थुक त्ये आधी!"

बाळाबाईंनी ओठ घट्ट मिटले. सुलक्षणानं एका हातानं त्यांचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घालून, रांगत्या पोराच्या तोंडातली माती काढतात तसं ते अंडं बाहेर काढलं. उरलेलं अर्धं त्यांच्या मुठीतून ओढून घेतलं आणि परड्यात भिरकावलं. कोंबड्या धावल्या त्याच्यावर. बाळाबाईंच्या हनुवटीवर पिवळा बलक ओघळत होता. ठकुबाईपुढं, वाडीतल्या एका बाईपुढं, त्यांच्या तोंडातला घास त्यांच्या सुनेनं बोट घालून काढला. सुलक्षणा ठकुबाईवर ओरडत होती, "म्हातारीला मारायचं हाय का तुमाला?" आणि रडत पण होती. पण रडणं बाळाबाईंना दिसलंच नाही.

"मारायचं कुणाला हाय त्ये मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ठके, तुझा मोबाईल आण. हनुमंताला लाव."

हनुमंत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. शिवऱ्याहून नसरापूर, तिथून भरलेल्या वडाप जीपनं. सत्तरीचा माणूस, धोतर नेसणारा, तोंडानं फटकळ, बहिणीवर जीव. इंद्रजित नुकताच कामावरनं आला होता. सुलक्षणा, "आण्णा, बसा, च्या ठेवते," म्हणून आत गेली. हनुमंत खाटेशी बसला. बाळाबाईंनी पोलक्याची बाही वर केली आणि दंड दाखवला. हनुमंतानं अंगठा आणि मधल्या बोटानं तो धरला. बोटं जवळपास टेकली.

"तुझ्या लेकीनं केलं ह्ये," बाळाबाई म्हणाल्या. "काळा च्या देती मला. पेज देती. आतल्या खोलीत दार लावून उसळी खात्यात. काल माझ्या तोंडातलं बोट घालून काढलं. हनम्या, मी तुझी लेक आणली ती आसं मरायला व्हय?"

सुलक्षणा चहाची कपबशी घेऊन बाहेर आली होती. ती तशीच उभी राहिली.

"आण्णा, तिला पथ्य हाय. कागद हाय. ताईनी दिलाय."

"कसलं पथ्य? कुठला डाक्टर म्हातारीला काळा च्या पाजा म्हणतो? मला कागद दावू नकोस."

"आण्णा, बघा तरी—"

"माझी लेक म्हणून सांगायची लाज वाटाय लागली मला. हिनं तुला पोरीवानी संभाळली. आन तू तिचा घास काढतीस?"

त्यानं चहाला हात लावला नाही. इंद्रजित दाराच्या चौकटीला टेकून मोबाईलकडं बघत होता. बायकोच्या बाजूनं एक शब्द नाही, आईच्या बाजूनं एक शब्द नाही. पुरुषमाणसाला अशा वेळी मोबाईलमध्ये काय सापडतं, देव जाणे. हनुमंत उठला, बहिणीच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि लेकीच्या अंगावरनं निघून गेला. ठकुबाई बाहेर ओट्यावर होतीच. विंझरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ही गोष्ट पोचायला दुसरा दिवस पुरला. अमक्याची सून सासूला उपाशी मारती, बापानं तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. सुलक्षणा दळण घेऊन गेली तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या.

बाळाबाईंना वाटलं होतं, आता भावाच्या धाकानं तरी दुधाचा चहा येईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत काळाच आला. पेजही तीच. सुलक्षणाचे डोळे सुजलेले होते, पण पथ्य तिनं तसूभर सोडलं नाही. खरं म्हणजे इथंच बाळाबाईंना कळायला हवं होतं. चोर असती तर घाबरून एक अंडं तरी पुढं केलं असतं. बाप उलटला, गाव उलटलं, तरी जी बाई हट्टानं पेजच देते, तिला त्या पेजेत काहीतरी दिसत असलं पाहिजे. पण बाळाबाईंना एवढंच दिसलं, की ही आता निर्लज्ज झाली.

गुरुवारी कुंदाताईंनी टेप लावली आणि परत लावली. साडेएकोणीस. जखमेची कड काळपट झाली होती. त्या गंभीर झाल्या.

"असं कसं होतंय? पथ्य पाळूनही असं?"

हात धुवायला म्हणून त्या पहिल्यांदाच आत, चुलीपाशी गेल्या. मधलं दार उघडंच होतं. बाळाबाई खाटेवरून ऐकत होत्या.

"आज आजींना अंडं देऊन झालं का?"

"अंडं?" सुलक्षणा म्हणाली. "न्हाई वो ताई. पथ्यात हाय न्हवं."

"पथ्यात आहे. मग?"

"मग न्हाई देत."

मग फडताळाच्या दारावरून कागद काढल्याचा आवाज आला.

"सुलक्षणा, हे... पथ्य म्हणजे हे सगळं द्यायचं. हे खायला घालायचं होतं. रोज."

"पथ्य म्हंजे द्यायचं न्हाई त्ये, ताई."

"अगं, नाही. पथ्य म्हणजे हिताचं. जे नाही द्यायचं ते अपथ्य."

"तसं कोण म्हणतं?" सुलक्षणाचा आवाज चढला. "माझ्या लेकीच्या, नूतनच्या येळी मी बाळंतीण हुते तवा ह्या आत्यानंच माझ्या हातातली कैरी काढून घेतलेली. मी रडले तरी दिली न्हाई. पथ्य म्हंजे पथ्य म्हणाली. मी तिच्याकडनंच शिकले की!"

शब्दकोश काढला असता तर कुंदाताई बरोबर निघाल्या असत्या. आणि भोर-वेल्ह्याच्या दोन्ही खोऱ्यांत घरोघर विचारलं असतं तर सुलक्षणा. कागदावर वर 'पथ्य', खाली अंडी, दूध, दही, मटकी, तूरडाळ, शेंगदाणे, तीळ, मासे. एवढंच. अंड्यापुढं 'रोज दोन' असं लिहिलं असतं तर शरच्चंद्र मास्तरांच्या मराठीला काही डाग लागणार नव्हता. कुंदाताईंच्याही ते ध्यानात आलं असावं. त्या चुलीपाशी मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं, काय देता म्हणून. मी नुसतं पथ्य चाललंय ना, एवढंच विचारत राहिले."

गुरुवारची सुट्टी म्हणून इंद्रजित घरात होता. तो पुढं आला आणि मान खाजवत म्हणाला, "पुण्याच्या डॉक्टरनी मला सांगितलं हुतं तसं. अंडी, दूध चारा म्हणून. पर मला वाटलं, ताईंच्या कागदात वेगळं आसंल."

सुलक्षणानं नवऱ्याकडं बघितलं. "आण्णा मला बोलत हुते तवा ठावं हुतं तुमाला?"

इंद्रजितनं खिशातून मोबाईल काढला. त्या घरात त्या दिवशी उत्तराची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून सुलक्षणा उठली आणि तिनं अंडी उकडायला ठेवली.

बाळाबाईंनी खाटेवरून सगळं ऐकलं होतं. त्यांनी ठकुबाईला हाक मारून बोलावलं आणि सांगितलं, की जा आणि सगळ्यांना सांग, कागद चुकीचा वाचला, पोरीचा दोष न्हाई. ठकुबाई म्हणाली, सांगीन की. पण सून सासूला उपाशी मारते हे सांगायला जशी जीभ सुटते तशी हे सांगायला सुटत नाही, हे बाळाबाईंना त्या वयात कुणी समजावायला नको होतं. मग त्यांनी हनुमंताला फोन लावायला लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बरं झालं, कळलं वेळेवर. आता नीट खात जा." सुलक्षणा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. बाळाबाई म्हणाल्या, "तिच्याशी बोल की." पलीकडून तो म्हणाला, "येतो कवातरी, मग बोलू," आणि फोन बंद झाला.

कुंदाताई गेल्यावर सुलक्षणा ताट घेऊन आली. दोन अंडी, मटकीची उसळ, भाकरी, वाटीभर दूध. खाटेवर बाळाबाईंना उशांना टेकवून बसवलं, गळ्याशी फडकं बांधलं. अगदी रोजच्यासारखंच. बाळाबाईंनी तिचा हात धरला.

"सुले, चुकलं माझं."

"तुझं न्हाई. चूक माझी. महिनाभर उपाशी ठेवलं मी तुला. मला वाचता येतं म्हणून मिरवत हुते आन एक शब्द कळला न्हाई." तिनं हात सोडवून घेतला. भाकरी मोडून उसळीत बुडवून तयार केली. मग मान वर न करता म्हणाली, "मला शब्द कळला न्हाई, आत्या. तुला मी कळले न्हाई व्हय? तेवीस वरसांत?"

बाळाबाईंनी परत तिचा हात धरायला हात पुढं केला.

"एकदा विचारायचं तरी," सुलक्षणा म्हणाली. "सुले, तू मला मारतीस का, म्हणून. मी सांगितलं आसतं. तू ठकूला सांगितलंस, आण्णाला सांगितलंस. मी दिसभर तुझ्यापाशीच हुते की."

तिनं घास पुढं केला. बाळाबाईंनी तोंड उघडलं आणि घास घेतला. एवढ्या दिवसांनी लसणाची फोडणी जिभेला लागली. सुलक्षणानं पाण्याचा तांब्या ओठाला लावला, हनुवटी पुसली आणि दुसरा घास केला. ताट रिकामं होईपर्यंत ती तिथनं हलली नाही, आणि तोवर तिनं एकदाही बाळाबाईंच्या तोंडाकडं बघितलं नाही.